भुयाराचे अनुमान : भोकरदनच्या लेण्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

मराठवाड्यातील गावांविषयी आजवर जी स्थलवर्णने लिहिली गेली, मग ती तालुक्यांची माहितीपुस्तके असोत, ग्रामेतिहास असोत, देवस्थानांची माहात्म्ये असोत किंवा, संकोच सोडून सांगायचे तर, आपल्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रपाहणीच्या वह्या असोत, त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा भेटते : ‘येथून एक भुयार निघत असून ते थेट अमुक गावापर्यंत जाते.’ ह्या वाक्याला सहसा साक्षीदार नसतो. पहिल्या नोंदीत त्याच्या शेवटी ‘असे सांगतात’ एवढे शेपूट असते. दुसरा लेखक पहिल्याचा आधार घेतो तेव्हा ते शेपूट गळून पडते. आणि तिसऱ्याच्या हाती वाक्य जाते तेव्हा ते इतिहासातील एक वस्तुस्थिती बनलेले असते.

दंतकथा म्हणून ह्या वाक्याशी आमचे काहीही भांडण नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ते आस्थेने टिपून घ्यावे. परंतु अलीकडे त्याला एक कारणवाचक उपवाक्य जोडले जाऊ लागले आहे. ‘कारण येथील खडक पोकळ वाजतो’, ‘कारण येथे जमीन आपोआप खचली आहे’, ‘कारण खडकाच्या भिंतीत वारा येणारे भोक आहे’, ‘कारण येथील दगडांची मांडणी नैसर्गिक वाटत नाही’. हे उपवाक्य जोडले गेले की दंतकथा अनुमानाच्या पदवीला चढते. अनुमान म्हटले की ते तपासणे प्राप्त होते. भूपृष्ठावरील खडकांच्या ठेवणीवरून खालच्या पोकळीचा अंदाज बांधता येतो काय, आणि जालना जिल्ह्याच्या भूमीत तो कितपत बांधता येतो, एवढ्यापुरतीच ही चिकित्सा मर्यादित आहे.

आरंभ भोकरदनपासून करणे सोयीचे आहे. कारण जिल्ह्यात खडकाखालच्या पोकळीचे जे एक निःसंशय उदाहरण आहे ते तेथेच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनी मिळून तेथे उत्खनन केले आणि त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळे पाँपेई येथील सुप्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी ह्या गावाचे नाव जोडले गेले. ह्या गावाजवळ केळना नदीच्या थडीत एक ब्राह्मणी लेणे कोरलेले आहे. अजिंठा किंवा वेरूळ पाहिलेल्या माणसाला लेणे म्हटले की डोंगराचा उभा कडा आठवतो. भोकरदनला कडा नाही, डोंगर नाही. भोवतीची जमीन सपाट, काळी. नदीने तिच्यात जेवढी खोली कापली तेवढ्याच खडकाच्या तोंडाचा उपयोग कारागिरांनी करून घेतला. परिणामी लेणे भोवतालच्या रानाच्या पातळीखाली गेले आहे. नदीत न उतरता रानातून येणाऱ्याला पायाखाली कोरीव दालन आहे ह्याची खूण कोठेही मिळत नाही.

म्हणजे जिथे पोकळी आहे तिथे वर चिन्ह नाही. उलट ज्या ठिकाणांविषयी चिन्हे मोठ्या हिरिरीने सांगितली जातात तिथे पोकळी आढळल्याची नोंद नाही. ह्या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा?

आपल्या न्यायशास्त्राने ह्यासाठी फार नेमके हत्यार घडवून ठेवले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. अग्नीवरून धुराचे करता येत नाही, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओल्या इंधनाच्या ह्या गुपचूप अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी ध्यानात न घेता केलेले अनुमान दिसायला सरळ, पण आत पोकळ असते. जमिनीवरचा खळगा पाहून खाली गुहा असल्याचे अनुमान करणाराही अशीच एक अट नकळत गृहीत धरतो. ती अट म्हणजे खडक पाण्यात विरघळणारा असणे.

चुनखडकाच्या प्रदेशात ही अट पुरी होते. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कर्बाम्ल वायू मिसळून ते सौम्य आम्ल बनते, खडकाच्या भेगांतून उतरते, भेगा रुंदावते आणि हजारो-लाखो वर्षांत त्यांच्या गुहा होतात. वरचे छत खचले की जमिनीवर वाटोळे खळगे पडतात. वाहता ओढा एकाएकी जमिनीत शिरून नाहीसा होतो आणि कोसभरावर झऱ्याच्या रूपाने पुन्हा उगवतो. उघड्या खडकावर पन्हाळीसारखे चर दिसतात. मेघालयात अशाच खडकात तीस किलोमीटरांहून अधिक लांबीची गुहा मोजली गेली आहे. तेथे खळगा, लुप्त ओढा व झरा ही तीन चिन्हे एकत्र दिसली तर खाली गुहा असल्याचे अनुमान बळकट मानावे लागते. कारण ती तिन्ही एकाच क्रियेची अपत्ये आहेत. परदेशी मार्गदर्शिकांत गुहाशोधाची जी लक्षणे दिलेली असतात ती बहुतांशी ह्याच प्रदेशांवरून घेतलेली असतात. आपले लेखक ती तशीच उचलतात.

येथे भाषेनेही एक घोटाळा करून ठेवला आहे. जालन्याकडचा शेतकरी आपल्या रानात ‘चुनखडी’ असल्याचे सांगतो ते खोटे नसते. परंतु तो बोलत असतो काळ्या मातीच्या पोटात गोळा होणाऱ्या पांढऱ्या कंकरांविषयी. वणी-राजुऱ्याकडे जमिनीत सलग पसरलेला जो चुनखडक आहे त्याचा आणि ह्या खड्यांचा गुहेच्या दृष्टीने काही संबंध नाही. मातीतील चुन्याच्या खड्यांत गुहा होत नसते. तरीही ‘चुनखडीची जमीन’ हा शब्दप्रयोग मार्गदर्शिकेतील चुनखडकाच्या जागी बसवून थेट गुहेपर्यंत पोहोचलेले एक टिपण प्रस्तुत लेखकाने वाचले आहे. ते टिपण एका हुशार विद्यार्थ्याचे होते, हे सांगितले पाहिजे.

जालना जिल्ह्याचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्याने आज उरलेला सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटरांचा प्रदेश व्यापला. हा पाषाण चुनखडकासारखा विरघळून गुहा देत नाही. पण त्याच्या थरांना एक रचना असते आणि तीच वाचता आली पाहिजे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, कठीण; वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तुलनेने मऊ, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा; आणि दोन थरांच्या सांध्यात कित्येक ठिकाणी भाजलेल्या मातीसारखा तांबडा पट्टा. पाणी मुरते ते सच्छिद्र थरात व भेगांत, अडते ते कठीण थरावर किंवा तांबड्या पट्ट्यावर. डोंगराच्या बाजूला हा सांधा उघडा पडला की तेथून पाणी पाझरते, मऊ भाग झिजून आत जातो आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. आपल्या भाषेत ह्यालाच कपार म्हणतात, आणि ओढ्याच्या धबधब्यामागे ती खोल गेली की घळ.

ह्या अर्थाने सह्याद्रीत खडकाची ठेवण वाचून पोकळी ओळखता येते. कड्यावर आडवी तांबडी रेघ, तिच्यावर घट्ट पाषाणाची पायरी, रेघेच्या अंगाने हिरवळ व ओल; तिथे कपार असण्याचा संभव जास्त. पण ही कपार उघड्यावर असते, तोंडाशी रुंद व आत अरुंद होत जाणारी. ती डोंगराच्या पोटातून पलीकडे जाणारा मार्ग नव्हे. १६०८ साली ह्याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांचे नाव ज्या घळींशी जोडलेले आहे त्या शिवथरघळीसारख्या जागा सह्याद्रीच्या कड्यांत आहेत, जांबच्या परिसरात नाहीत, ह्यात आश्चर्य नाही. गोदावरी व दुधना यांच्या मधल्या सपाटीला घळ निर्माण करण्याजोगा कडाच नाही. जिल्ह्यात तसा खडक शोधावयाचाच तर तो उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाला शोधावा लागेल.

लाव्हाच्या खडकात गुहा होण्याचा आणखी एक मार्ग जगभर प्रसिद्ध आहे. वाहत्या लाव्ह्याचा वरचा पापुद्रा थिजतो, आतला द्रव पुढे वाहून जातो आणि मागे नळीसारखी पोकळी उरते. हवाई बेटांत अशा नलिका मैलोगणती आहेत. आणि त्यांच्या छताला पडलेली भगदाडे, रांगेने उठलेले फुगवटे ही त्यांची भूपृष्ठावरील चिन्हे तेथे सहज दिसतात. मग दख्खनमध्ये त्या का नसाव्यात, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेला आहे. २००२ साली के. एस. मिश्र यांनी पश्चिम भारतातील नागमोडी कड-रांगा ह्या लाव्हानलिकांच्या व लाव्हापाटांच्या जाळ्याच्या खुणा होत, असे प्रतिपादन केले. त्यावर आक्षेप घेतले गेले. ह्यांपैकी काही रांगा म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती असल्याचे दाखविण्यात आले. एकच रांग एका वाचकाला नळीचा उलटा ठसा वाटते, दुसऱ्याला भिंत. २००४ साली दुराईस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दौंड येथील फुगवट्यांच्या लाव्हाथरात अशा नलिकांविषयी निबंध लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ हे विशेषण घातले. आमच्या मते ह्या संपूर्ण वाङ्मयात ते विशेषण सर्वांत मोलाचे आहे. ज्यांनी थर हाताने तपासले त्यांनी ‘संभाव्य’ म्हणावे आणि ज्यांनी गाडीच्या खिडकीतून टेकडी पाहिली त्यांनी ‘थेट अमुक गावापर्यंत’ म्हणावे, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे.

शिवाय हवाईतील खडक काही शे किंवा काही हजार वर्षांचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. एवढ्या काळात नळी मोकळी राहणे कठीण. ती पुढच्या लाव्ह्याने बुजते, छत बसते, किंवा झिरपत्या पाण्यातील खनिजांनी भरून जाते. आपल्या पाषाणातील लहान पोकळ्यांचे असेच झाले आहे. राहुरीजवळच्या मोमीन आखाडा येथे २००१ साली विहीर खणताना हिरव्या अपोफिलाइटच्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या लागल्या आणि ते नमुने जगभरच्या संग्रहांत गेले. वर जमिनीवर कोणते चिन्ह होते? काहीही नव्हते. पाण्यासाठी विहीर खणली म्हणून ते दिसले, इतकेच.

आता ज्या चिन्हाचा सर्वाधिक आधार घेतला जातो त्याकडे वळू : ‘जमीन पोकळ वाजते’. ह्या चिन्हाचे आपल्याकडील वाङ्मयीन मूळ फार जुने आहे, आणि ते शोधू जाता मोठी गंमत आढळते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे सव्वाशे श्लोकांचे प्रकरण आहे. भूपृष्ठावरील वृक्ष, वारुळे, माती व दगड यांवरून खालचे पाणी कसे ओळखावे, हा त्याचा विषय. त्यात, पाय आपटला असता जी भूमी गंभीर नाद करते तिच्याखाली साडेतीन पुरुष खोलीवर पाणी असते, असे सांगितले आहे. म्हणजे जो नाद आज आपण भुयाराचा मानतो तो वराहमिहिराच्या परंपरेने पाण्याचा मानला होता. त्याच प्रकरणात, काटेरी झाडांत बिनकाट्याचे किंवा बिनकाट्यांत काटेरी झाड एकटेच आढळल्यास अमुक अंतरावर खणावे, तेथे पाणी लागेल अथवा धन, असेही एक विधान आहे. पाणी अथवा धन! चिन्ह एक आणि साध्ये दोन. हा ‘अथवा’ नैयायिकांच्या दृष्टीने मोठाच दोष. परंतु आपल्या भुयारवाङ्मयाचा सारा स्वभाव त्या एका ‘अथवा’त सामावला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

तथापि दकार्गलाला ह्या एका श्लोकावरून निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्याची रचना लक्षपूर्वक पाहावी. निर्जल प्रदेशात वेताचे झुडूप असेल तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी, असे सांगून ग्रंथकार थांबत नाही. खणताना अर्ध्या पुरुषावर पांढुरका बेडूक, पुढे पिवळी माती, मग एका विशिष्ट जातीचा पाषाण आणि त्याखाली पाणी, असा क्रम तो देतो. बेडकाचे राहू द्या. महत्त्वाचे हे की चिन्हावर विसंबून खणू लागलेल्या माणसाला वाटेत थांबून विचारण्याची सोय ग्रंथाने करून ठेवली आहे : पिवळी माती लागली का? पाषाण लागला का? न लागल्यास अंदाज चुकला. पाण्याशी संबंध नसलेल्या पाषाणांचे वर्णही त्याने वेगळे सांगितले आहेत. म्हणजे ‘येथे नाही’ असे म्हणण्याची तयारी त्याच्यापाशी आहे. खडक फुटत नसेल तर तो जाळाने तापवून वर चुन्याचे पाणी ओतावे, हा उपाय सांगणारा ग्रंथकार विहिरीच्या तळाशी काय घडते ह्याची जाण असलेला आहे. त्याची चिन्हे आज सर्वस्वी मान्य करता येणार नाहीत. पण त्याच्या विधानाची घडण शास्त्राची आहे. ती खोटी ठरू शकते.

भुयाराच्या वाक्याला ही सोय नाही. वीस हात खणून काही लागले नाही तर ‘भुयार आणखी खाली आहे’. खडक लागला तर ‘तोंड दगडाने बुजविले आहे’. पाणी लागले तर ‘भुयारात पाणी सोडले होते’. कोणताही पुरावा ज्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाही अशा विधानाला पुरावाही नसतो.

पोकळ नादाचा खुलासा जालन्याच्या भूमीत अन्य मार्गांनी पुष्कळ सोपा आहे. मुरमाचा पातळ थर, त्याखाली सच्छिद्र पाषाण व त्याखाली कोरडी भेग, एवढ्यानेही टाच आपटली की घुमारा येतो. गावठाणात तर त्याहून घरगुती कारण असते. मराठवाड्यात धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणत. घर पडले, वंश गेला, पेव बुजविण्याचे राहून गेले. पावसाळ्यात त्याचे तोंड खचले की ‘भुयार सापडले’ अशी वार्ता गावभर होते. आत उतरून पाहावे तर तोंड अरुंद, पोट रुंद, आणि बाजूला कोठेही वाट नाही. पेव हे आपल्या कृषिजीवनाच्या इतिहासाचे उत्तम साधन आहे. त्याचा आकार, त्याच्या भिंतींचे लिंपण, तळाशी उरलेले दाणे यांची नोंद होणे अगत्याचे असता ‘भुयार’ हा शब्द उच्चारताच कोणी ती करीत नाही.

शब्दाचाही थोडा विचार करावा. ‘भुयार’ ह्याचे नाते ‘भूमिगृह’ ह्या शब्दाशी जोडले जाते. म्हणजे मुळात ते घर आहे, वाट नव्हे. तळघर, बळद, पेव, कोरीव दालन, नळाचा चर ह्या सर्वांना तो एकच शब्द चिकटला आणि कालांतराने त्याचा अर्थ ‘मार्ग’ असा झाला. दालन मार्ग झाले की मार्गाला दुसरे टोक हवे. मग ते टोक कोणत्या तरी प्रसिद्ध स्थळी नेऊन ठेवले जाते.

जमिनीखालचे खरे मार्ग आपल्याकडे नाहीत असे नव्हे. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी हा खडकात कोरलेला मार्ग आहे. त्याची दोन्ही तोंडे कोणीही पाहू शकतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी आणण्यासाठी भूमिगत नहर बांधला. आणि त्याच्या मार्गावरील झरोके व मनोरे ही भूपृष्ठावरील अत्यंत विश्वसनीय चिन्हे होत, कारण ती मुद्दाम ठेवलेली आहेत. जालना शहरातही मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी हौदांत खेळविले होते, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आणि अठराव्या शतकातील तेथील किल्ल्यातल्या विहिरीस सज्जे व दालने असल्याचेही त्यातच म्हटले आहे. पाण्याच्या कडेने बसण्यासाठी केलेली दालने आणि गावाखालून गेलेले नळ एवढी सामग्री हाती असता भुयाराची कथा जन्मली नसती तरच नवल. पण ह्या कथेच्या मुळाशी शहराच्या जलव्यवस्थेचा इतिहास आहे. तो लिहावयाचा सोडून आपण सैन्याच्या गुप्त वाटा लिहीत बसलो.

गणिताचा एक साधा प्रयोग कोणीही करून पाहावा. वीस किलोमीटर लांब, एक मीटर रुंद व दोन मीटर उंच असे भुयार धरले तर त्यातून चाळीस हजार घनमीटर पाषाण बाहेर निघतो. त्याचे वजन एक लक्ष टनांहून अधिक भरते. तो कोठे टाकला? हवेसाठी झरोके कोठे आहेत? वाटेतील नदीखालून ते नेले असता पाणी कसे काढीत? ह्या भागातल्या साध्या विहिरीला जेथे पाणी लागते त्या खोलीवर बारमाही कोरडी वाट ठेवणे हे आजच्या अभियंत्यालाही यंत्रावाचून साधणार नाही. आणि लेण्यांच्या कारागिरांना खडकाचे मर्म कळत नव्हते असे म्हणावयाचे तर तेही खरे नाही. मात्र त्यांचाही अंदाज प्रसंगी चुकत असे. पितळखोऱ्याच्या लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत ते तेथील खडक झिजणारा निघाला म्हणून. आत काय आहे हे बाहेरून सर्वस्वी कळत नाही, ह्याची ती शिला-साक्षच होय.

आता यंत्रांचा दाखला पुढे केला जातो. विद्युत्-रोध मोजणाऱ्या उपकरणाने पोकळी कळते, हे अर्धसत्य आहे. हवेने भरलेली पोकळी मोठा रोध दाखविते. पण घट्ट काळा पाषाणही तोच दाखवितो. पोकळीत पाणी असेल तर रोध कमी भरतो. झिजलेल्या, ओल्या खडकाचाही तसाच भरतो. जमिनीत रेडिओलहरी सोडून परतीचा प्रतिध्वनी टिपणारे उपकरण काळ्या चिकण मातीपुढे लवकर हतबल होते, कारण ती माती लहरी शोषून घेते. यंत्राचे आकडे म्हणजेही चिन्हेच. त्यांची उपाधी कोणती हे जाणणारा वाचक नसेल तर पोकळ वाजणारी टाच आणि छापील आलेख यांत तत्त्वतः अंतर राहत नाही.

हा वाद केवळ पंडिती नाही. जालना हा अवर्षणाचा जिल्हा. २०१२-१३ च्या दुष्काळात येथल्या लोकांनी पाण्यासाठी काय सोसले ते अनेकांच्या स्मरणात आहे. पाणाड्याच्या शब्दावर विंधन विहिरीत पैसा घालणारा शेतकरी आणि गुप्तधनाच्या आशेने जुनी बारव, गढी किंवा देवळाचा चौथरा रात्री उकरणारा मनुष्य हे दोघेही भूपृष्ठाची चिन्हेच वाचीत असतात. पहिल्याची कीव येते. दुसरा आपल्या हातून इतिहासाचा पुरावा नष्ट करतो. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे, आणि गुप्तधन व जलस्रोत यांच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. कायद्याला असे कलम घालावे लागते ह्यावरून त्या आशेचे बळ ध्यानात यावे. अशा वेळी विद्यापीठाच्या नावाने छापलेल्या टिपणात ‘येथून भुयार जाते’ असे निष्काळजीपणे लिहिलेले वाक्य कोणाच्या हाती पहार देईल ते सांगता येत नाही.

भूपृष्ठ वाचणे ही विद्या मराठी माणसाला परकी नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग आपण करीत आलो. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, राख व शेण यांनी वस्तीची माती पांढुरकी होते. म्हणून रानात कोठे पांढरीचे टेकाड दिसले की तेथे पूर्वी गाव होते, असे शेतकरी बेधडक सांगतो आणि उत्खनक त्याचे ऐकतो. हे अनुमान टिकते. कारण पांढरी माती कशी झाली हे आपल्याला ठाऊक आहे, टेकाडावर खापऱ्या विखुरलेल्या मिळतात आणि खणले असता थर लागतात. तीन स्वतंत्र साक्षी एका गोष्टीकडे बोट दाखवितात. भोगवर्धनचा शोध पांढरीने व खापऱ्यांनी लागण्याजोगा होता. गुहेविषयी असा एकही विश्वसनीय शब्द ह्या सपाटीवरच्या बोलीने घडविलेला दिसत नाही. भाषेचे हे मौन अर्थपूर्ण आहे.

तेव्हा आपल्या क्षेत्रपाहणीच्या वहीत ‘भुयार’ हा रकाना काढून टाकावा अशी आमची सूचना नाही. तो दोन रकान्यांत विभागावा. एकात ऐकलेले लिहावे : कोणी सांगितले, कोणत्या शब्दांत, दुसरे टोक कोठे म्हणतात. दुसऱ्यात पाहिलेले : तोंडाची रुंदी व उंची, आत दोरी धरून किती हात जाता आले, कोठे व कशाने वाट खुंटली, भिंतीवर छिन्नीचे घाव आहेत की झिजेचा गुळगुळीतपणा, खडक कोणत्या थराचा. दुसरा रकाना कोरा राहिला तर तो कोराच जाऊ द्यावा.

आणि भोकरदनच्या लेण्यापुरते बोलायचे तर तेथे न दिसणाऱ्या भुयाराच्या मागे लागण्याआधी दिसणाऱ्या लेण्याची कितीतरी मोजमापे घेता येण्यासारखी आहेत. छताचा पाषाण किती जाडीचा आहे, कारागिरांनी दालन कठीण थरात घेतले की सच्छिद्र थरात, पावसाळ्यात पाणी कोणत्या भेगेतून उतरते आणि केळनेचा पूर कोणत्या पायरीपर्यंत चढतो, ह्या चार गोष्टी एका पावसाळ्यात व एका उन्हाळ्यात, फूटपट्टी व ओळंबा एवढ्या साहित्यानिशी टिपता येतील. त्यासाठी रानातून न जाता नदीत उतरावे लागेल.